सही कोणाची, नाव कोणाचे?

अमेरिकेतील गुलामगिरीच्या काळचे दस्तऐवज जमविणारे प्रथम सही पाहतात. ती नामवंताची असली की मोल वाढते. आमच्या मते, ज्याला सहीचा अधिकारच नव्हता त्याचे नाव आधी वाचावे. १८०७ च्या कायद्यान्वये देशातल्या देशात सागरी मार्गाने गुलाम नेताना कप्तानास प्रत्येकाचे नाव, वय, उंची नोंदवून शपथपूर्वक सही करावी लागे. १८४१ च्या 'ऑर्लिन्स' जहाजाच्या यादीत 'प्लॅट हॅमिल्टन' असे नाव आढळते. हा वस्तुतः न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र गृहस्थ सॉलोमन नॉर्थप. त्यास पळवून नेले होते. कागद अस्सल, नाव मात्र खोटे! १८५३ मध्ये मुक्त होऊन त्याने आत्मकथन प्रसिद्ध केले. ही यादी इतर याद्यांसह राष्ट्रीय अभिलेखागारात राहिली, म्हणूनच त्याच्या कथनाचा पडताळा घेता आला.