लेकीचे नाव, जगाच्या ओठी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसला की नऊ दिवस घरोघरी देवीच्या नावांचा घोष सुरू होतो. कोठे ललितासहस्रनामाचे पठण चालते, कोठे अष्टोत्तरशत नामांनी कुंकुमार्चन होते. या अक्षय भांडारातून पिढ्यान्‌पिढ्या आपण आपल्या लेकींसाठी नावे उचलीत आलो आहोत. दुर्गा, अंबिका, रेणुका, भवानी, ललिता, कमला, गौरी, शांभवी. जगदंबा कोणत्याही नावाने हाक मारली तरी ओ देते, अशी आपली श्रद्धा. लेकीला मात्र एकाच नावावर जन्म काढावयाचा असतो. आणि ते नाव आता केवळ घरच्यांच्या तोंडी राहत नाही. सांगलीत पाळण्यात ठेवलेले नाव उद्या बंगळूरच्या शाळेत, परवा लंडनच्या कचेरीत पुकारले जाणार असते. ते तेथे कसे पुकारले जाईल, हा प्रश्न आज बारशाच्या आधीच आई-बापांपुढे उभा राहतो. नवरात्राच्या निमित्ताने त्याचाच थोडा विचार वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव कसे असावे हे सांगताना पहिलीच अट घातली आहे ती ‘सुखोद्य’ असण्याची. म्हणजे उच्चारावयास सोपे. मग ते कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनोहर व मंगल असावे, शेवटी दीर्घ स्वर असावा आणि त्यात आशीर्वादाचा भाव असावा. पारस्कर गृह्यसूत्र आणखी बारीक हिशेब करते: मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत व ते आकारान्त असावे. यमुना, ललिता, कमला ही नावे या मापात चपखल बसतात. गौरी आणि सीता बसत नाहीत. पण त्यामुळे कोणाच्या घरी गौरी किंवा सीता जन्मावयाची राहिली, असे ऐकिवात नाही. त्याच स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे म्हटले आहे. महाराष्ट्राने हे वचन किती मनावर घेतले ते आपल्या आज्या-पणज्यांच्या नावांवरूनच समजते. गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा, रोहिणी, तुळसा! शास्त्र पोथीत राहिले आणि नद्या घराघरांतून वाहत राहिल्या. आम्हांस हे लोकांचे शहाणपण वाटते.

आता ‘सुखोद्य’ म्हणजे नेमके कोणाच्या जिभेला सुखाचे? येथेच गाठ पडते. परदेशाचे राहू द्या, आपल्याच देशात हद्द ओलांडली की नावाचा पोत बदलतो. मराठी माणूस ज्ञानदाला ‘द्न्यानदा’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्यानदा’ म्हणतो, गुजराती ‘ग्नानदा’. आपली ‘अम्रुता’ गंगेच्या काठी गेली की ‘अम्रिता’ होते. लक्ष्मी बंगाल्यात ‘लोक्खी’ होते, तर मलेशियातील तमिळ घरांत तिची ‘लेच्चुमी’ झालेली आढळते. दक्षिणेकडे रोमन लिपीत ‘त’ लिहिताना टी पुढे एच जोडण्याची रीत आहे. त्यामुळे तिकडच्या ललिता आणि गीता आमच्या कचेऱ्यांत ‘ललिथा’ व ‘गीथा’ म्हणून वाचल्या जातात. यांत चूक कोणाचीच नाही. प्रत्येक प्रांत आपल्या कंठाने देवीला आळवितो.

खरा घोटाळा रोमन लिपीने केला आहे. रमा म्हणजे साक्षात लक्ष्मी. पण रोमन अक्षरांत ती आणि राम यांच्यात तिळमात्र फरक राहत नाही. कृष्णा नदी आणि कृष्ण देव यांचेही तेच. हल्ली आवडीने ठेवले जाणारे ‘सई’ हे गोड नाव पारपत्रावर उतरले की परका माणूस ते ‘साई’ असे वाचतो. जाई हे फुलाचे नाव. त्यातला दंत्य ‘ज’ मराठीबाहेर फारसा कोणास साधत नाही, आणि रोमन लिपीत तर नावाचे ‘जय’ होऊन मुलीच्या जागी मुलगाच उभा राहतो. ‘ळ’ आणि ‘ण’ यांची व्यथा काय सांगावी!

एकाच नावाने किती देश पाहावेत याचे उदाहरण पाहावयाचे तर येशू ख्रिस्ताच्या मातेचे पाहावे. हिब्रूत ती मिर्याम, अरबीत मर्यम (कुराणाचा एकोणिसावा सुरा याच नावाचा आहे), पोर्तुगीज मुखात मारिया, फ्रेंचांत मारी, इंग्रजांत मेरी. आयर्लंडमध्ये तर मातेचे नाव ‘मुइरे’ तिच्यासाठीच राखून ठेविले गेले आणि सामान्य मुलींना त्याचे निराळे रूप, ‘माइरे’, देण्यात आले. स्पेनमध्ये मुलींना मातेची बिरुदे दिली जातात: दोलोरेस म्हणजे दुःखे, मर्सेदिस म्हणजे दया, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, पिलार म्हणजे खांब. आपल्याकडे देवीच्या सहस्रनामांतून नाव निवडावे, तशीच ही रीत. (मर्सेदिस हे नाव आज मोटारीवर मिरवते, तेही एका व्यापाऱ्याने आपल्या लेकीचे नाव यंत्राला दिले म्हणून, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) गोव्यात या दोन्ही परंपरा एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या आहेत. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी, अशी तेथील लोकश्रद्धा आहे. सात बहिणींपैकी मिराबाई होती तीच पुढे मिलाग्रिस झाली, असे सांगतात. ‘मिलाग्रिस’ हा चमत्कारवाचक पोर्तुगीज शब्द. नाव पालटले, उच्चार पालटला, पण बहिणीचे नाते भाविकांनी सोडले नाही.

नाव निवडण्याच्या रीतीही देशोदेशी निराळ्या. आपल्याकडे जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात आणि घरचे लोक ‘चू’वरून मुलीचे नाव शोधता शोधता हैराण होतात. घाना देशातील अकान लोकांत जन्मवारावरूनच एक नाव ठरते: शुक्रवारची ती अफुआ, शनिवारची ती आमा. तेथे वाद घालावयास जागाच नाही.

परंतु सर्वच नावांच्या मागे माया असते असे नाही, हे नवरात्रात तरी विसरता कामा नये. चीनमध्ये मुलींना ‘झाओदी’ असे नाव ठेवीत. त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावून आण’. आपल्याकडे मुलीवर मुलगी झाली की ‘नकुशी’ ठेवीत. २०११ साली ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक पुनर्नामकरण झाले. कोणी सिनेतारकेवरून ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. येथे उच्चाराचा प्रश्न नव्हता. ‘नकुशी’चा उच्चार सर्वांना अगदी स्वच्छ येत होता. देवीची ओटी भरणाऱ्या हातांनी पाळण्यावर तो शब्द लिहावा, याला काय म्हणावे?

आणि नाव चांगले असले तरी ते मुलीजवळ राहीलच याची खात्री महाराष्ट्रात नव्हती. विवाहात ताम्हणातल्या तांदळांत नवे नाव लिहिले की माहेरचे नाव पुसले जाई. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच! नदीची दोन नावे अशी सासरी लुप्त झाली. आनंदीबाई १८८३ साली फिलाडेल्फियास गेल्या, १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली, आणि १८८७ मध्ये पुण्यास निधन पावल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत आहेत. तेथील शिळेवर त्यांचे आडनाव शेवटी दोन ‘ई’ जोडून कोरले आहे, जेणेकरून वाचणाऱ्याने ते ‘जोशी’ असे दीर्घ उच्चारावे. परक्यांच्या जिभेला वळण कसे लावावे, याचा हा आमच्या पाहण्यातील फार जुना मराठी नमुना.

पंडिता रमाबाईंच्या कन्येचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मनोरमा १८८१ साली जन्मली. वडील बंगाली, आई मराठी. म्हणजे पाळण्यातच दोन उच्चार. बंगाली मुखात ‘मोनोरोमा’, आईच्या मुखात ‘मनोरमा’, आणि त्या नावाच्या पोटात आईचेच ‘रमा’ लपलेले. १८८३ मध्ये मायलेकी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला व रमाबाईंना ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले. मठातील भगिनी मुलीला ‘मनो’ म्हणू लागल्या. परंतु धर्मांतर करूनही रमाबाई जगाच्या दृष्टीने पंडिता रमाबाईच राहिल्या आणि लेक मनोरमाच राहिली. श्रद्धा बदलली म्हणून आईने दिलेली हाक बदललीच पाहिजे असे नाही, हे त्या काळी एका स्त्रीने करून दाखविले.

आपल्या काळातील प्रसिद्ध उदाहरण कमला हॅरिस यांचे. आई श्यामला गोपालन तमिळ. तिने थोरलीला लक्ष्मीचे ‘कमला’ व त्यास जोडून ‘देवी’ हे नाव दिले, धाकटीचे ‘माया लक्ष्मी’ ठेविले. ऑक्टोबर २०२० मध्ये, हॅरिस उपाध्यक्षपदासाठी उभ्या असता, जॉर्जिया राज्यातील सभेत एका सिनेटरने त्यांच्या नावाचा उच्चार मुद्दाम वेडावाकडा करून टवाळी केली. त्यावर देशभर असंख्य लोकांनी आपापल्या नावाचे अर्थ लिहून उत्तर दिले. पुढे २०२१च्या जानेवारीत हॅरिस यांनी त्याच नावाने शपथ घेतली. उझोआमाका अडूबा या नायजेरियन वंशाच्या अभिनेत्रीने लहानपणी आईपाशी हट्ट धरला होता की मला सोपे ‘झोई’ म्हणा. आईचे उत्तर असे की ज्या लोकांना चायकोव्हस्की आणि मिकेलांजेलो म्हणावयास शिकता येते, त्यांना उझोआमाकाही शिकता येईल.

आमचे मत या मातेच्या बाजूचे आहे. परदेशी राहणारे मराठी आई-बाप हल्ली मीरा, तारा, माया, रिया अशी दोन अक्षरी नावे शोधतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. मीरा, तारा आणि माया ही देखील परंपरेचीच नावे होत, आणि ‘सुखोद्य’ असण्याची अट ती पुरी करतात. पण मृण्मयी किंवा ऋजुता ठेवावयाचे मनात असून केवळ भयापोटी माघार घेऊ नये. भय वेगळ्याच गोष्टीचे बाळगावे. शाळेत नाव चुकीचे पुकारले जाते, मुलगी पहिल्या वर्षी दुरुस्त करते, दुसऱ्या वर्षी हसते, आणि तिसऱ्या वर्षी स्वतःची ओळख करून देताना तोच चुकीचा उच्चार स्वतःच वापरू लागते. तेथे काहीतरी हातचे निसटते. म्हणून आईने पहिल्याच दिवशी शिक्षिकेपाशी जाऊन दोन-तीनदा नाव म्हणून दाखवावे. बहुतेक शिक्षिका आनंदाने शिकतात. आपणही आपल्या वर्गातील झैनब, फिलोमिना आणि लालरिनपुई यांची नावे तितक्याच कष्टाने शिकलो आहोत काय, हेही जाता जाता पाहावे. इतरांकडून अपेक्षा करण्यास त्याने बळ येते.

थोडे व्यवहाराचे. रोमन स्पेलिंग जन्मनोंदीच्या वेळी शांतपणे ठरवावे. शाळेत एक, आधारपत्रावर दुसरे, पारपत्रावर तिसरे असे झाले की मुलीला आयुष्यभर प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते. स्पेलिंग ठरविण्यापूर्वी मराठी न येणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडून ते वाचून घ्यावे. १ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. तेव्हा लेकीचे नाव आईच्या नावाशेजारी कसे वाजते, तेही एकदा मोठ्याने म्हणून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत बहुधा रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वीच नाव लिहून द्यावे लागते, आणि बारशाच्या आधीच बारसे उरकते. आपल्या कायद्यात मात्र जन्माची नोंद करून नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुभा आहे. तेव्हा आत्याबाईंची गाडी चुकली, तर त्यांची वाट अवश्य पाहावी. कानात नाव सांगण्याचा मान त्यांचा.