खामगावचे अनाथगृह आणि आजची मंडळी

बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळींचे अनाथ मुलांसाठीचे काम दुष्काळाने वाढवले. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत वऱ्हाडातली असंख्य कुटुंबे मोडली आणि मुले निराधार झाली. या भागात तेव्हा अमेरिकेचे अलायन्स मिशन काम करीत होते. त्याने मुलींसाठी खामगावला आणि मुलांसाठी अकोल्याला अनाथगृह चालवले. याच मिशनच्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर लिहिलेल्या पुस्तकाला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे.

रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली आणि तरुण विधवा केडगावला आणल्या. 1900 च्या सुमारास तिथल्या त्यांच्या 'मुक्ती' या आश्रमातली संख्या दीड हजारांवर गेली. तिथे शाळेबरोबर शेती, विणकाम आणि छापखानाही होता, कारण पुढे आपल्या पायावर उभे राहता आले नाही तर नुसत्या आश्रयाने मुलीचे भागणार नव्हते. धर्मांतराचा वाद मात्र या कामाला आधीपासून चिकटला होता. रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेतल्या मुली ख्रिस्ती होत आहेत या आक्षेपावरून 1893 मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर तिच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो आक्षेप क्षुल्लक नव्हता. जेवणासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या मुलाची संमती मोकळी नसते, हे मदत करणाऱ्या प्रत्येक मंडळीने आजही ध्यानात ठेवले पाहिजे.

आज चर्चला आपल्या मनाने अनाथगृह काढता येत नाही. 2015 च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. निराधार मूल सापडले तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. 1098 या क्रमांकावर कळवणे हा सर्वांत सोपा मार्ग. पाळकाने मूल परस्पर कुणाच्या ओटीत घालणे बेकायदेशीर आहे. दत्तक विधान ठरलेल्या प्रक्रियेनेच होते आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात.

तरीही मंडळीचे खरे काम बालगृहाबाहेर आहे. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भातला जिल्हा. बाप गेलेल्या घरात आई असते, बहुधा आजीही असते. नसतो तो पैसा. अशा मुलाला वसतिगृहात पाठवले की घराचा एक घास वाचतो, पण मूल आईला दुरावते. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँक खाते अशी कागदपत्रे जमवावी लागतात. मजुरी बुडवून जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात खेपा घालणे विधवेला परवडत नाही. मंडळीतल्या शिकलेल्या माणसाने तिच्यासोबत जाऊन अर्ज पुरा केला, अनुदान रखडलेल्या महिन्यांत मंडळीच्या निधीतून किराणा आणि वह्या दिल्या, कापूस वेचणीच्या दिवसांत मूल शाळेत जाते का ते पाहिले, तर ते घर टिकते. ही मदत कोणत्याही धर्माच्या घराला आणि उपासनेची अट न घालता मिळायला हवी.

मुलांना भेटणाऱ्या स्वयंसेवकांची चौकशी आधी व्हावी, एकट्या मुलाबरोबर एकटा प्रौढ थांबू नये, आणि वर्गणीसाठी मुलांचे फोटो छापू नयेत. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, सोय आहे. खोलीच्या भाड्याची हमी, आयटीआयची फी आणि सणासुदीला जेवायला हक्काचे घर मात्र मंडळीतली कुटुंबेच देऊ शकतात.