लहान शेतकरी आणि टोमॅटोची शेती

टोमॅटो महागला कीं शहरांत शेतकऱ्यास बोल लावला जातो. तो मातीमोल झाला म्हणजे त्याच शेतकऱ्यास अडाणी ठरविलें जातें. हे दोन्ही निवाडे तपासून पाहिले पाहिजेत.

शेतकऱ्याची कार्यक्षमता मोजावयाची कशी? इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ फॅरेल यांनीं १९५७ सालीं त्याची एक रीत मांडली. तेवढीच जमीन, पाणी, खत व मजुरी वापरून उत्तम शेतकरी जेवढें पिकवितो, त्याच्या किती जवळ दुसरा पोंचतो, तें पाहावयाचें. केवळ एकरी उत्पन्नावरून निकाल देतां येत नाहीं.

जुन्नर तालुक्यांत नारायणगांवच्या आसपास टोमॅटो पुष्कळ होतो. बांबू व तारेनें झाडांस आधार देणें, कीड वेळींच ओळखणें, फळ रंगूं लागतांच तोडणें, हीं कामें डोळ्यांत तेल घालून करावीं लागतात. लहान शेतांत घरचीं माणसें तीं नेटकीं करितात. चूक होते ती बहुधा मात्रेंत. पीक हातचें जाईल या धास्तीनें खत व औषध गरजेहून अधिक पडतें. माती तपासून खत देणें हा त्यावर उपाय होय.

परंतु शेतांत कमावलेलें बाजारांत गमावलें जातें. २०२३ च्या जुलैंत शहरांत किलोस शंभर रुपयांवर गेलेला टोमॅटो सप्टेंबरांत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांस चार-पांच रुपयांस द्यावा लागला. चढा भाव पाहून सर्वांनीं एकदम लागवड केली, आणि नाशवंत फळ राखून ठेवतां येईना. तेव्हां उणीव कसबाची थोडी, साठवणीची व आगाऊ माहितीची फार. आणि ती एकट्या शेतकऱ्यानें भरून निघणारी नव्हे.