पैशाची पेरणी

आमच्या पिंगळीत पेरणी म्हटलं की सोयाबीन आणि कापूस. नायजेरियातल्या कित्येक नव्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये मात्र पैसे पेरतात! दानाला तिथे चक्क 'बियाणं' म्हणतात. आज द्या, उद्या नोकरी, व्हिसा, धंदा असं पीक येईल.

हे वेड नाही हं. १९८६ मध्ये नायजेरियाने जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या धोरणाला धरून आर्थिक सुधारणा आणल्या. चलन घसरलं, महागाई भडकली, सरकारी खर्चाला कात्री लागली. डिग्री हातात, पण नोकरी नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) अशा पोरांना चर्चने धीर दिला, दारू सोडायला लावली, धंद्याची स्वप्नं दाखवली. लागोसजवळ ओटा इथल्या विनर्स चॅपलमध्ये एका वेळी ५०,००० माणसं बसतात. त्याच आवारात त्यांचं विद्यापीठही आहे.

प्रोटेस्टंटांच्या काटकसरीने आणि मेहनतीने भांडवलशाहीला बळ दिलं, असं मॅक्स वेबरने १९०५ च्या सुमारास मांडलं. गंमत बघा, १९०५ मध्येच आपल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, पेंटेकोस्टल धाटणीची प्रार्थनेची लाट आली. तिची बातमी पार चिलीपर्यंत गेली. पण तिथल्या दुष्काळग्रस्त मुली प्रार्थनेसोबत विणकाम, छपाई शिकत होत्या. पीक हातच्या कामाचं होतं.

आमच्याकडे बियाणं उगवलं नाही तर पिशवी आणि पावती घेऊन कृषी कार्यालयात तक्रार करता येते. तिकडे पीक आलं नाही, तर तुझाच विश्वास कमी पडला म्हणतात.