क्रोशाची नक्षीदार पिशवी आणि विभाज्यतेचा धडा



परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाची तासिका सगळ्यात आधी गणिताला जाते. पण क्रोशाची मोठी नक्षीदार पिशवी विणायला घेतली, तर दोन्ही विषय एकाच तासिकेत होतात. कसे, ते पाहूया.

साहित्य : दोन रंगांचा जाड सुती दोरा, ४ मिमीची क्रोशाची सुई, सेफ्टी पिन, चौकटीची वही.

तळ : सुरुवातीच्या फासात ६ मुके खांब घाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे १२. पुढे दर फेरीला ६ खांब वाढवायचे : १८, २४, ३०... झाला सहाचा पाढा! वाढ कमी पडली तर तळ वाटीसारखा वळतो, जास्त झाली तर कडेला झालर येते. फेरीची सुरुवात कळावी म्हणून पिन लावा. विसाव्या फेरीत १२० खांब होतात.

उंची : आता वाढवणं थांबवा. एका खांबात एकच खांब घेतला की पिशवी वर चढू लागते. १० सेंमीत १५ खांब बसत असतील, तर घेर ८० सेंमी आणि सपाट ठेवल्यावर रुंदी ४० सेंमी येते.

नक्षी : चौकटीच्या वहीत काढा. एक चौकोन म्हणजे एक खांब. नक्षी ८ खांबांची असेल तर फेरीत १५ वेळा बसते, १० ची १२ वेळा. ७ ची घेतली तर १७ वेळा बसून १ खांब उरतो आणि जोडावर नक्षी मोडते. बाकी उरते म्हणजे काय, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसतं. रंग बदलताना आधीच्या खांबाचा शेवटचा फास नव्या रंगाने ओढायचा. न लागणारा दोरा खांबांच्या आतून न्यायचा.

बंद : समोरच्या ६० खांबांपैकी दोन्ही बाजूंचे १५-१५ सोडा. मधल्या ३० खांबांच्या दोन टोकांना बंद जोडा. मागेही तसंच. नुसती साखळी ओझ्याने ताणते, म्हणून तिच्यावर मुक्या खांबांच्या तीन-चार ओळी घ्या.

गृहपाठ म्हणून १२० ला निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या शोधायला सांगा. त्यातली प्रत्येक संख्या म्हणजे नव्या नक्षीची एक शक्यता. आणि पालकहो, सुई फक्त मुलींच्याच हातात देऊ नका. गणित तर मुलग्यांनाही शिकायचंच आहे ना!