सेनगाव : वस्ती आणि वाट

मुलांनो, हिंगोली जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. सेनगाव तालुक्याच्या एका अंगास वाशीम जिल्हा आहे व दुसऱ्या अंगास परभणी जिल्हा. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात उगम पावणारी कयाधू नदी या तालुक्यातून वाहते. पुढे ती संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नर्सीवरून व हिंगोलीवरून पैनगंगेकडे जाते. सेनगाव हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण होय.

2011 च्या शिरगणतीत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 भरली. जिल्ह्यात शहरे तीनच होती : हिंगोली, वसमत आणि कळमनुरी. शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी माणसे खेड्यांत राहत होती. तालुक्याची कचेरी असूनही सेनगाव तेव्हा खेड्यांतच मोजले गेले. याचे तुम्हांस नवल वाटेल. पण केवळ डोकी वाढल्याने खेड्याचे शहर होत नाही. जेथे नगरपालिका वा नगरपंचायत नाही, तेथे शिरगणती तीन गोष्टी पाहते. वस्ती निदान 5,000 हवी, दर चौरस किलोमीटरला निदान 400 माणसे हवीत, आणि मुख्यतः कामकरी अशा पुरुषांपैकी शेकडा 75 तरी शेतीबाहेरच्या उद्योगांत हवेत. सोयाबीन, कापूस, तूर, हळद पिकविणाऱ्या मुलखात ही तिसरी अट सहसा पुरी होत नाही. पुढे सेनगावास नगरपंचायत मिळाली, आणि त्याची गणना शहरांत होऊ लागली.

अशा गावाची खरी वर्दळ शिरगणतीच्या आकड्यात दिसत नाही. शिरगणती माणसाची नोंद त्याच्या राहत्या घरी करते. सातबाऱ्याच्या कामासाठी आलेला शेतकरी, बाजारासाठी आलेली बाई, शाळेस आलेला मुलगा हे सारे दिवसभर सेनगावात असतात. मोजले जातात मात्र आपापल्या गावी. त्यांना आणणारी व परत नेणारी वाट म्हणूनच महत्त्वाची.

सेनगावास रेल्वे नाही. आगगाडी पकडावयाची तर हिंगोली गाठावी लागते. तेथील पूर्णा–अकोला लोहमार्ग पूर्वी मीटरमापी होता, तो 2008 साली रुंदमापी झाला. बाकी सारा भार रस्त्यांवर. निजामाच्या राजवटीत 1932 साली 27 गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि येथील सरकारी बसगाड्याही त्या राज्याच्या कारभारात गेल्या. आज ग्रामीण माणसाचा आधार एस. टी. हाच. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोवर जिल्ह्याच्या कचेरीतील लहानशा कामासाठीही थेट परभणी गाठावी लागे; त्यात सारा दिवस मोडे.

रस्ता बांधणेही येथे सोपे नाही. या भागातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर नुसती खडी पसरली, तर दोन पावसाळ्यांत रस्ता खचतो. म्हणून आधी मुरमाचा जाड थर दाबून बसवावा लागतो, दोन्ही कडांना पाणी वाहून जाण्यास नाल्या खोदाव्या लागतात, ओढ्यांवर मोऱ्या बांधाव्या लागतात. हा खर्च पाहूनच पुष्कळदा रस्ता रेंगाळतो.

येथे लोकसंख्येचा आकडा पुन्हा डोके वर काढतो. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशातील 500 व त्याहून अधिक वस्तीच्या ठिकाणांना बारमाही रस्ता देण्याचे ठरविले. डोंगराळ व आदिवासी भागांसाठी ही मर्यादा 250 ठेवली. म्हणजे सपाटीवरच्या 490 माणसांच्या वाडीस या योजनेतून रस्ता मिळावयाचा नाही. तिने जिल्हा परिषदेकडे वा दुसऱ्या एखाद्या योजनेकडे मागणी करावयाची. आणि हे आकडे जुने असतात. 2021 ची शिरगणती कोरोनाच्या साथीमुळे होऊ शकली नाही. त्यामुळे दशकभरात वाढलेल्या वाड्या कागदावर लहानच राहिल्या. अशा वाडीत भर पावसात कोणी आजारी पडले, तर त्यास खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत न्यावे लागते, आणि ओढ्याला पूर असेल तर तो उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे लागते.