जनुकोपचार : आशा आणि मोल

गंभीर थॅलेसेमिया असलेल्या बालकाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने या व्याधीवरील ‘कॅसजेव्ही’ या जनुकोपचारास १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूळपेशींतील जनुकात बदल करून, जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा निर्माण केले जाते.

मात्र बदललेल्या पेशी शरीरात सोडण्यापूर्वी तीव्र केमोथेरपी अटळ असते. तिच्यामुळे वंध्यत्वाचा धोका संभवतो. शिवाय तेथील किंमत २२ लाख डॉलर!

हे मोल उतरू शकते. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेली, रक्ताच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार-१९’ ही जनुकाधारित चिकित्सा परदेशाच्या सुमारे दशांश खर्चात उपलब्ध झाली आहे. थॅलेसेमियाबाबतही स्वदेशी संशोधन हाच मार्ग होय.

तोवर प्रतिबंध आपल्या हाती आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिका जुळविण्याआधी एचबीए-२ रक्तचाचणी करावी. चतुर्विध दानांत औषधदान सांगितले आहे. अशा चाचण्यांना व संशोधनाला दिलेले साहाय्य हे त्याचेच आजचे रूप.